पेढे घेऊन दुधनीला

सोलापूरच्या एसटी स्टँडवर दुधनीच्या गाडीची वाट बघत दोघी माझ्यामागच्या बाकावर बसल्या होत्या. एकीनं डबा उघडून अनोळखी शेजारणीला पेढा दिला.

"कशाचा ओ पेढा, अक्का?"

"माझी लेक रूथ जपानला असते. तिथल्या युनिव्हर्सिटीतल्या पोरांना येशूचं सांगायला गेलीय."

"ऐकत्यात व्हय ती पोरं?"

"वर्षभर कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. दर शुक्रवारी ही खोलीत खुर्च्या मांडायची आणि एकटीच आपली येशूची मराठी गाणी म्हणायची. शेजारच्या खोलीतली हारुका भिंत बडवायची, बंद कर म्हणून."

"मग वो?"

"मग रूथ तापानं पडली. त्या शुक्रवारी गाणं झालंच नाही. तर हारुकाच दारात. म्हणाली, आज गात का नाहीस?"

"अगं बाई."

"भाताची पेज करून घातली तिनं. मग विचारलं, त्या गाण्यांत असतं तरी काय? रूथनं जपानीत सगळं सांगितलं. मग ती दर शुक्रवारी मैत्रिणींना घेऊन यायला लागली. परवाच्या रविवारी हारुकाचा बाप्तिस्मा झाला. आता शुक्रवारी खुर्च्या कमी पडतात."

"लई चांगलं झालं की. आनि दुधनीला कोन हाय?"

"माझे दीर. पोरगी सहा महिन्यांत रडत परत येईल, असं सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले होते."

"मग फोन करायचा की. एवढ्या उन्हाचं कशाला चाललाय?"

"फोनवर त्यांचं तोंड कसं दिसणार?"