पित्ताशय जागेवरच आहे

विमा कार्यालयाच्या रांगेत बसड्रायव्हरचा नंबर शिवणकामवाल्या मावशींच्या मागे होता. त्यांच्या गळ्यात टेप तसाच राहिला होता आणि एक हात बरगडीखाली दाबलेला. ऐकायचं नाही म्हटलं तरी त्यांचं खिडकीतल्या कारकुनाशी चाललेलं सगळं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

“मावशी, तुमचं पित्ताशय गेल्या वर्षीच काढलंय. आता पुन्हा कसं मंजूर करू?”

“माझं कार्ड चोरून दुसऱ्याच बाईने स्वतःचं पित्ताशय काढून घेतलं. माझं जागेवर आहे. ही सोनोग्राफी बघा, खड्यांसकट.”

“मग माहिती संरक्षणाच्या नव्या कायद्याखाली तक्रार करा. तीस दिवसांत नोंद दुरुस्त होते.”

“त्यासाठीच सकाळपासून उभी आहे.”

“आधी तुमची ओळख पटायला हवी. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा.”

“माझा फोन तर गप्प आहे.”

“शेवटी एकोणनव्वद ना?”

“तो माझा नंबर नाही. तिनेच बदलला असणार.”

“मग नंबर बदलायचा अर्ज करा. त्याचा ओटीपी जुन्या नंबरवर जाईल.”

“म्हणजे तिच्याच. चोरीची तक्रार करायला चोराची परवानगी?”

“माझ्यावर कशाला डाफरता? नियम आहे.”

“डाफरू नको तर काय सत्कार करू? चाळीस वर्षं शिवतेय, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. तुम्ही दुसरीचं पोट माझ्या नावावर शिवून मोकळे झालात.”

“मावशी, मागे रांग आहे.”

“असू दे. तो पूर्ण नंबर सांगा. मीच तिला फोन लावते. म्हणते, बाई, कार्ड वापरलंस ते वापरलंस, तेवढा ओटीपी तरी दे.”

“नंबर सांगता येत नाही. कार्डधारकाची माहिती आहे. नव्या कायद्याने तिला संरक्षण दिलंय.”