हातची काजं

हाडांच्या डॉक्टरांच्या दाराशी बसलेल्या पोस्टमननं पेपर तोंडासमोर धरला होता, पण कान शेजारच्या शिंप्याकडे आणि त्याच्या बायकोकडे होते.

"ठरव बाई लवकर. अंगठ्याच्या बुडाचं हाड काढलं तर अंगठा वळेल, पण जोर कमी होईल. सांधा जोडून टाकला तर जोर राहील, पण वळणार नाही."

"तीस वर्षं तुमच्या शर्टांची काजं हातानं केली, त्याचं हे फळ."

"काजाचं मशीन मीच नको म्हणालो. चुकलंच माझं."

"आत्ताही डॉक्टरांना काजांचंच विचारलंत."

"मग काय विचारायचं होतं?"

"माझी बटणं मला लावता येतील का, ते. गिऱ्हाइकाचा सुटलेला टाका लांबून दिसतो तुम्हाला. माझा स्वेटर महिनाभर उघडाच आहे."