भट्टीच्या वाटेवरचा पाहुणा

— नाही हो साहेब, कसला रानरेडा? आमच्या गावात रानरेडा येतच नाही. हा खूर? हा आमच्या कजरी म्हशीचा — बरं, कजरीच्या खुरापेक्षा जरा मोठा आहे, पण हा कोशी नदीचा गाळ आहे, यात कोंबडीचं पाऊलसुद्धा हत्तीचं दिसतं. तुम्ही बसा आधी. खाटेवर नको, मोडकी आहे, हा वेताचा मोढा घ्या. दही-चिउरा खाता ना, दही-पोहेच ते? नको म्हणू नका, पहाडातून बदली होऊन आलेला माणूस, आमचं धुकं तुमच्या हाडांत शिरलेलं दिसतंय. घ्या. तर तक्रार कुणी केली म्हणालात? गावानं? गावानं म्हणजे बायांनी? नाही ना! पुरुष तेवढे गाव, आणि आम्ही काय, नदीकाठचं गवत? विचारा त्यांना, काय नुकसान केलं त्यानं? — येत नाही तो, आला असता तर म्हणतेय मी — मोहरी खाल्ली? नाही. बटाटा उकरला? नाही. बलदेवची सायकल तुडवली, ते खरं, पण सायकल वाटेत आडवी पडली होती आणि बलदेव तिच्याहून आडवा. बलदेवला त्यानं नुसतं हुंगलं आणि शिंकला. हो, शिंकला! वासच तसला होता. मी पाहिलं — म्हणजे शेजारच्या फुलेसरीनं पाहिलं, मला सांगितलं.

कुठली वाट? ती होय — बांधावरून उतरून काशाच्या गवतातून नदीकडे जाते ती. जीबछच्या दारूभट्टीची वाट आहे ती, तुम्हाला ठाऊक असेलच, तुमच्या वनचौकीतले दोघं तर रोज — जाऊ दे, मी कुणाचं नाव घेत नाही. आता एवढ्या लांबून आलाच आहात तर सांगते. पाऊस सरला तेव्हा आला तो. एका कानाला चीर, बरगडीतून रक्त, शिंगं एवढी — माझे हात पुरत नाहीत. कळपातल्या तरण्या रेड्यानं हाकलला असणार, म्हातारा झाला की कोण विचारतं? नेमका त्या वाटेवर येऊन उभा राहिला. आणि संध्याकाळी निघाली आमच्या पुरुषांची वरात, सगळ्यात पुढे मुनियाचे बाबा — आमचे हे. रेड्यानं नुसती मान खाली घातली, बस्स, हे काटेसावरीवर! त्या झाडाला काटे असतात हे वर गेल्यावर आठवलं त्यांना. वरून ओरडतायत, "सुगिया, कुऱ्हाड आण! सुगिया, मशाल आण!" मी काय केलं? पदर तोंडात कोंबून हसले. सगळ्या बाया हसल्या. तो रेडा कंटाळून गेला तेव्हा हे उतरले, आणि दोन दिवस पालथे झोपले.

हसू नका साहेब, दही सांडेल. त्यानंतर हे भट्टीवर गेलेच नाहीत. आधी हातपाय कापायचे, घाम यायचा, मला शिव्या — मी म्हटलं, दे बाबा, शिव्यांनी कुठं छप्पर उडतं? आणि मग एक दिवस जाळं विणायला बसले. तुम्ही गेल्या पुरात नव्हतात इथं. पाणी बांधाला लागलं, बाकीच्या घरांतले पुरुष दोर धरून उभे, आणि आमचे हे भट्टीवर पडलेले. सासूला पाठीवर घेतली मी, मुनियाला पोटाशी बांधली, छातीएवढ्या पाण्यातून निघाले, आणि सासू माझ्या कानात विचारतेय, "माझा मुलगा कुठं आहे गं?" काय सांगू तिला? आता तोच मुलगा संध्याकाळी तिचे पाय चेपतो. रेड्याला यमाचं वाहन म्हणतात म्हणे. आम्ही बाया त्याला पाहुणा म्हणतो.

खेसारी? वाटेच्या कडेची ती खेसारीची डाळ होय — ती पाखरांनी पेरली असेल. ओळीत? कोशीची पाखरं ओळीतच पेरतात. आणि ते मिठाचे खडे... बरं, आम्ही ठेवतो! मधे तो नदीतल्या बेटावर चरायला गेला आणि परत येईना, तर हे भट्टीवर जायला चप्पल शोधायला लागले. मग काय करायचं? फुलेसरीनं मीठ आणलं, मी बियाणं, आला परत. तुमचेच मोठे साहेब भोंग्यावरून ओरडून गेले ना, रानरेडा आपल्या कोशीची शान आहे, जपा त्याला? जपला! आता म्हणता, का जपला!

हो, माहितेय, येईल अंगावर. खुळी नाही मी. रानचं जनावर खाल्ल्या मिठाला जागत नाही. मी लांबून ठेवते आणि पळते. पण फुलेसरीचा नवरा भट्टीवरून येताना दलदलीत पालथा सापडला, त्याची तक्रार घ्यायला आलं होतं कुणी? तिचं कुंकू गेलं ते काय रेड्यानं नेलं? तुम्ही त्याला सुई मारून बेशुद्ध करणार, ट्रकात घालून लांबच्या रानात सोडणार — तिथला तरणा रेडा काय त्याची आरती करणार आहे? न्या. नेऊ नका म्हणणारी मी कोण? पण आधी भट्टी उचला, मग रेडा उचला.

काय? भट्टी तुमच्या खात्यात येत नाही? बघा, रेडा येतो, भट्टी नाही! मग साहेब, एक विचारते. ते तुमचे पांढरे खांब आहेत ना, राखीव रानाच्या हद्दीचे — भट्टी त्यांच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे. आत. तुमच्या रानात, तुमच्या शिसवीची लाकडं जाळून. नव्हतं माहीत? कसं असणार, तुमच्या चौकीतले सांगणार थोडेच. अहो, उठलात कशाला, दही संपवा — आत्ताच निघालात? खांब बघायला? बघा, बघा. पण बांधावरून जा हं, वाटेनं नको, पाहुण्याची यायची वेळ —

श्श. गप. मुनियाचे बाबा आले.

— हो ना साहेब, फारच भयंकर जनावर! परवा तर म्हणे आणखी एक आलाय, त्याच्याहून मोठा! मी तर म्हणते, शहाण्या माणसानं त्या वाटेला पाय लावू नये! या तुम्ही. या.