स्क्रूच्या डबीतल्या आठ गोळ्या

दवाखान्याच्या बाकावर ते वयस्क घड्याळजी आणि त्यांची बायको इतके अवघडून बसले होते, की शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंचे वर्तमानपत्राचे पान उलटायचेच राहून गेले.

“तुमची डबी उघडली मी. चष्म्याला स्क्रू हवा होता.”

“घड्याळाच्या सामानाला हात लावू नकोस, हे चाळीस वर्षं सांगतोय.”

“आठ गोळ्या निघाल्या. सात दिवसांचं अँटिबायोटिक होतं ना?”

“तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मग उगाच कशाला ढकलायच्या पोटात?”

“म्हणून आज पुन्हा फणफणलात! टिकटिक ऐकू आली की अर्ध्या कामातच झाकण लावता का घड्याळाला?”

“नाही लावत.”

“मग?”

“तुझ्यासाठी ठेवल्या. दरवर्षी खोकतेस, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठ्या. म्हटलं, या खेपेला चहाबरोबर देईन, सर्दीची म्हणून.”

“मला?”

“नाहीतर काय शेजारणीला?”

“अहो, हीच गोळी. थोरलीच्या वेळी बाळंतपणात मला दिली, तेव्हा अंगभर गांधी उठल्या, श्वास मिळेना. दाराबाहेर तुम्हीच रडत होतात.”

मास्तरीणबाईंनी वर्तमानपत्र मिटून मांडीवर ठेवले.

“हीच?”

“नाव पाठ आहे मला. तुम्ही कसं हो विसरलात?”

आतून डॉक्टरांनी हाक मारली. घड्याळजी उठले, बायकोच्या मांडीवरची डबी दोन्ही हातांनी उचलली, आणि डॉक्टरांना दाखवायला आत घेऊन गेले.