दामूकाकांचा गार चहा

चहावर साय धरली की मला आमच्या शेजारचे दामूकाका आठवतात. तेव्हा मी हिंगण्याला नवा नवा कामाला लागलो होतो. कंपनीच्या बसमधून उतरलो की थेट त्यांच्या ओट्यावर, बुद्धिबळाला. वर्षभर रोज हरलो. एका संध्याकाळी मोहरे डब्यात भरले आणि म्हटलं, "काका, मला हे जमत नाही. उद्यापासून नाही येत."

काकू कप उचलायला आल्या, त्या म्हणाल्या, "काहून गा? पहिले तुह्याशी खेळता खेळता हे चहा पिऊन पेपरही वाचून काढत. आता पाय हा चहा, परत गरम करून देला तरी तसाच पडून आहे."

काका ओशाळून हसले.

पुढेही मी हरतच राहिलो. पण उठताना आधी त्यांचा कप पाहून घ्यायचो.