कडू रक्त

वर्तकनगरच्या लॅबमध्ये मी रक्त तपासून घ्यायला बसले होते. समोर तापाने फणफणलेल्या विमलाबाई, आणि त्यांना घेऊन आलेली शेजारची रसिका. ती कॉलेजात डासांवर संशोधन करते, असं मघाशी काउंटरवर कळलं होतं.

“आजी, हात खाजवू नका.”

“हे गेल्यापासूनच चावतात गं. आधी मला डास शिवायचेसुद्धा नाहीत. हे म्हणायचे, तुझं रक्त कडू.”

“आजोबांना चावायचे?”

“फोडून काढायचे. तरी मच्छरदाणी लावू द्यायचे नाहीत. आत जीव गुदमरतो म्हणायचे.”

“मग बरोबर. पोटभर रक्त प्यायली की मादीच्या मेंदूतली रसायनं बदलतात. अंडी घालेपर्यंत तिला माणूस नकोसा होतो. मग शेजारी कुणी का झोपेना.”

“म्हणजे त्यांच्यावरच पोट भरायचं?”

“बहुतेक.”

“आणि मी मेली आपल्या कडू रक्ताच्या तोऱ्यात.”

“आता तरी मच्छरदाणी लावा. मी आणते, एकटीपुरती.”

“आण. पण मोठी आण.”

“मोठी कशाला, आजी?”

“लहानीत त्यांचा जीव गुदमरतो.”