शंकरभाऊंचा चिमटा

तुम्ही हसाल, पण शेजारच्या शंकरभाऊंनी घेतलेला एक चिमटा मला अजून छळतो. त्यांची एकुलती एक लेक वैशाली किन्हीराजाहून थेट जपानला गेली, तिथल्या वृद्धाश्रमात काम करते. भाऊ मला म्हणाले, "माह्या तोंडातून निंगत नाही. तूच सांग तिले, आता घरी ये म्हनून." मी ते वाक्य नीट वहीत लिहून घेतलं आणि व्हिडिओ कॉल लावला.

वैशाली एका आजोबांना पेज भरवत होती. त्यांनी तिची बाही घट्ट धरली होती.

"त्यायचं कोनी नाही का वं?" भाऊंनी विचारलं.

"लेक हाये, बाबा. पन लय दूर राह्यते. हे फक्त माह्याच हातानं जेवतात."

मी वही उघडली, तोच भाऊंनी मला जोरात चिमटा घेतला.

"काका, काही सांगत होते का तुमी?"

"काही नाही. यंदा सोयाबीन चांगलं हाये," मी म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात तिनं तिथला करार आणखी तीन वर्षं वाढवला. भाऊ चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "चिमटे तं मी दहा घेईन. पन तू बोलाचं होतं ना!"